पुन्हा बाप्तिस्मा घ्यावा लागेल का?

वाचकाचं पत्र: मी २७ वर्षांची, अहिल्यानगरची. आमचं घराणं चार पिढ्यांपासून अमेरिकन मिशनच्या मंडळीतलं, म्हणजे आताच्या सीएनआयमधलं (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया). माझा बाप्तिस्मा तान्हेपणी झाला, दृढीकरण शाळेत असताना. वसईच्या एका कॅथलिक मुलाशी माझं लग्न ठरतंय. त्यांच्याकडचे काही नातेवाईक म्हणतात की मुलीला आधी स्नानसंस्कार, म्हणजे त्यांच्या भाषेत बाप्तिस्मा, द्यावा लागेल. माझी आजी म्हणते, ते मूर्ती पुजतात, दहा आज्ञांतली दुसरी आज्ञाच त्यांनी काढून टाकली आहे. पुण्याची आत्या काही वर्षांपासून पेंटेकॉस्टल सभेला जाते. ती म्हणते, तान्ह्या बाळाच्या कपाळावर पाणी लावलं तो बाप्तिस्माच नव्हे, लग्नाआधी पाण्यात बुडून खरा बाप्तिस्मा घे. येशू एक, बायबल एक, मग एवढे पंथ आले कुठून? आणि मी नेमकं काय करू?

उत्तर आधी देतो, कारणं मागाहून. नाही, तुम्हाला पुन्हा बाप्तिस्मा घ्यावा लागणार नाही. वसईच्या लग्नासाठी तर नाहीच. कॅथलिक चर्चच्या १९८३ च्या धर्मकायद्यातलं कलम ८६९ सरळ सांगतं की दुसऱ्या ख्रिस्ती मंडळीत बाप्तिस्मा झालेल्या माणसाला, गंभीर शंका असल्याशिवाय, पुन्हा तो संस्कार द्यायचा नाही. शंका दोनच गोष्टींबद्दल असू शकते: पाणी वापरलं का, आणि ‘पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावाने’ हे शब्द उच्चारले का. (देणाऱ्याचा व घेणाऱ्याचा हेतूही पाहतात, पण सीएनआयच्या बाबतीत तो प्रश्न उभा राहत नाही.)

म्हणून पहिलं काम हे करा. ज्या मंडळीत तुमचा बाप्तिस्मा झाला तिथल्या पाळकसाहेबांकडून नोंदवहीच्या आधारे दाखला घ्या, आणि त्यात एक ओळ मुद्दाम लिहून मागा: बाप्तिस्मा पाण्याने आणि त्र्येक देवाच्या (पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या) नावाने दिला गेला. ही ओळ असली की वाद संपतो. जुनी वही हरवली, भिजली, वाळवीनं खाल्ली असं खेड्यातल्या मंडळ्यांत घडतं. तसं असेल तर बाप्तिस्म्याला हजर असलेल्या विश्वासू माणसाचं लेखी निवेदन घ्या. कॅथलिक कायद्यात संशयातीत अशा एका साक्षीदाराचं सांगणंही पुरतं. आजी हजर होती ना? मग तीच तुमची साक्षीदार.

या कागदाला एवढं महत्त्व का? तुमचा बाप्तिस्मा सिद्ध असेल तर हा दोन ख्रिस्ती माणसांचा ‘मिश्र विवाह’ ठरतो आणि त्याला बिशपांची परवानगी लागते. तो सिद्ध झाला नाही तर प्रकरण ख्रिस्ती आणि अख्रिस्ती व्यक्तींच्या विवाहाच्या खात्यात जातं. तिथं परवानगी पुरत नाही, अडथळा दूर करणारी सूट लागते, आणि ती नसेल तर लग्न चर्चच्या दृष्टीनं लागलेलंच नसतं. घरातली माणसं ‘आधी स्नानसंस्कार’ म्हणतात त्यामागे बहुतेक वेळा या दोन प्रकारांची सरमिसळ असते.

आता तुमचा मोठा प्रश्न. पंथ का झाले याचं उत्तर ‘माणसं भांडली’ एवढ्यावर सोडून देऊ नका. माणसं भांडलीच, राजे आणि पैसाही मध्ये आला, पण ज्या मुद्द्यांवर ती भांडली ते खरे होते. बाप्तिस्मा काय करतो? प्रभूच्या मेजावरच्या, म्हणजे प्रभुभोजनातल्या, भाकरीचं काय होतं? बायबलचा अर्थ अखेर कुणी ठरवायचा? तुमच्या घरातले तीन सूर या तीन प्रश्नांना वेगवेगळ्या काळी दिलेली उत्तरं आहेत. लग्नानंतर या प्रश्नांशी रोजची गाठ पडणार आहे, म्हणून ते नीट समजून घ्या.

बाप्तिस्म्यापासून सुरू करू. पुन्हा द्यायचा की नाही हा वाद कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट हे शब्द जन्मण्याच्या फार आधीचा आहे. तिसऱ्या शतकात उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजचे बिशप सिप्रियन म्हणत की फुटीर गटात झालेला बाप्तिस्मा पोकळ आहे, परतणाऱ्याला तो नव्यानं द्या. रोमचे बिशप स्टीफन म्हणत, पाणी आणि नाव योग्य असेल तर पुन्हा देऊ नका. २५६ मध्ये कार्थेजच्या सभेनं सिप्रियनची बाजू उचलून धरली. पुढे डोनॅटस नावाच्या पुढाऱ्याच्या गटानं असा पवित्रा घेतला की छळाच्या काळात कच खाल्लेल्या बिशपांच्या हातून झालेले संस्कार बाद. त्यांना उत्तर देताना संत ऑगस्टिन यांनी जो विचार मांडला तो पश्चिमेकडच्या चर्चनं कायमचा स्वीकारला: बाप्तिस्मा देतो तो ख्रिस्त, पाळक फक्त हात. पाळक कसा होता यावरून तो बाद होत नाही, आणि जे ख्रिस्तानं एकदा दिलं ते पुन्हा देता येत नाही. वसईचे फादर तुमचा बाप्तिस्मा मान्य करतील ते याच शिकवणीमुळे. त्यात तुमच्यावर उपकार नाहीत, तुमच्यासाठी सवलतही नाही.

आत्याचं म्हणणं दुसऱ्या मुळातून येतं. २१ जानेवारी १५२५ रोजी झुरिचमध्ये फेलिक्स मान्झ यांच्या घरी काही माणसं जमली आणि कोनराड ग्रेबेल यांनी जॉर्ज ब्लाउरॉक यांना बाप्तिस्मा दिला. दोघांचाही बाप्तिस्मा तान्हेपणी झालेला होता. त्यांचा युक्तिवाद साधा होता: शुभवर्तमानात आधी विश्वास आणि मग बाप्तिस्मा असा क्रम आहे, तान्ह्या बाळाला विश्वास ठेवता येत नाही, म्हणून तो विधी बाप्तिस्मा नव्हता. त्या काळी बाप्तिस्म्याची नोंद म्हणजेच नागरिकाची नोंद. त्यामुळे झुरिचच्या नगरसभेला यात राजद्रोह दिसला, आणि ५ जानेवारी १५२७ रोजी मान्झ यांना लिमात नदीत बुडवून मारण्यात आलं. मारणारे प्रॉटेस्टंट होते, हे आपण विसरू नये.

हा विचार इंग्रज बाप्टिस्टांमध्ये स्वतंत्रपणे रुजला. १६०९ मध्ये ॲम्स्टरडॅममध्ये जॉन स्मिथ यांनी विश्वासणाऱ्यांच्याच बाप्तिस्म्यावर मंडळी उभी केली, आणि बाप्टिस्टांकडून हा विचार पुढे बहुतेक पेंटेकॉस्टल मंडळ्यांकडे आला. पेंटेकॉस्टल चळवळीनं त्यात भर घातली ती पवित्र आत्म्याच्या बाप्तिस्म्याची, म्हणजे पाण्यानंतरच्या वेगळ्या अनुभवाची. तिचा उगम साधारणपणे लॉस एंजेलिसच्या आझुसा स्ट्रीटवरच्या १९०६ च्या सभांमध्ये दाखवतात. पण आत्याला हे जरूर सांगा की तिच्या वाटेचा एक झरा दौंडजवळच्या केडगावात आहे. तिथल्या पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये १९०५ मध्ये, म्हणजे आझुसाच्या वर्षभर आधी, मोठी आत्मिक जागृती झाली होती आणि तिची बातमी जगभरच्या या चळवळीत पोचली होती. आत्या कुठल्या परक्या नादाला लागलेली नाही. तिच्या परंपरेला इथल्या मातीतलाही इतिहास आहे आणि तिच्याशी बोलताना तेवढा मान ठेवा.

पण पाणी किती, या मुद्द्यावर तिला एक गोष्ट दाखवण्यासारखी आहे. प्रेषितांनंतरच्या पहिल्या काही दशकांतलं मानलं जाणारं ‘डिडाखे’ नावाचं मंडळीच्या शिस्तीचं छोटं पुस्तक आहे. त्यात सूचना अशी: वाहत्या पाण्यात द्या, वाहतं नसेल तर साठवलेल्या, गार नसेल तर कोमट, आणि दोन्ही पुरेसं नसेल तर डोक्यावर तीनदा पाणी ओता. म्हणजे बुडवणं ही आदर्श पद्धत मानली तरी ओतणं त्याच काळापासून मान्य होतं. लहान मुलांचा मुद्दा मात्र यानं सुटत नाही, तिथं आत्याचं मत खरोखर वेगळं आहे. तुमच्या मंडळीची परंपरा बाप्तिस्म्याला सुंतेसारखी कराराची खूण मानते: देव घराण्याशी करार करतो, मूल त्या करारात जन्मतं, खूण त्याला आधी मिळते आणि विश्वास ते दृढीकरणाच्या वेळी स्वतः कबूल करतं. कॅथलिक चर्च आणखी पुढे जातं: बाप्तिस्मा ही खूण आहेच, शिवाय तो मूळ पाप धुतो आणि आत्म्यावर न पुसणारा ठसा उमटवतो.

तेव्हा आमचा स्पष्ट सल्ला: लग्नाच्या घाईत, कुणाला खूश करायला, बुडून बाप्तिस्मा घेऊ नका. तसं केलंत तर माझा पहिला बाप्तिस्मा खोटा होता असं तुम्ही जाहीर करता. तुमचे पाळक आणि वसईचे फादर दोघंही त्याचा तोच अर्थ लावतील. काही पेंटेकॉस्टल गट त्र्येकाचं सूत्र न वापरता केवळ ‘येशूच्या नावाने’ बाप्तिस्मा देतात, आणि तो कॅथलिक चर्च मानतच नाही. आत्याची शिकवण तुम्हाला मनापासून पटत असेल तर ती वेगळी गोष्ट, पण मग ती लग्नाची तयारी राहत नाही, मंडळी बदलण्याचा निर्णय होतो.

तुमची मंडळी नगरला कशी आली तेही पाहा, म्हणजे आजीचा सूर कळेल. बोस्टनच्या अमेरिकन बोर्ड या मिशन संस्थेचे गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट १८१३ मध्ये मुंबईत उतरले, आणि १८३१ मध्ये मिशनचं काम नगरला सुरू झालं. ही माणसं काँग्रिगेशनल होती: सोळाव्या शतकातले प्रॉटेस्टंट सुधारक कॅल्विन यांची शिकवण, सर्व मंडळ्यांवर अधिकार चालवणारा बिशप नाही, प्रत्येक स्थानिक मंडळी आपला कारभार आपण करणार आणि पाळकही आपण निवडणार. कोल्हापूरला अमेरिकन प्रेस्बिटेरियन होते, मुंबईत स्कॉटिश मिशन होतं, अकोल्याकडे अलायन्स, बुलढाण्याकडे नाझरीन. एकाच्या क्षेत्रात दुसऱ्यानं शिरू नये असा प्रॉटेस्टंट मिशनांचा आपसात संकेत असे, जरी तो सगळीकडे पाळला गेला नाही. नगर जिल्ह्यातच अमेरिकन मिशन आणि एस.पी.जी. ही अँग्लिकन (इंग्लंडच्या चर्चची) मिशन संस्था शेजारी शेजारी काम करत होते. परिणाम असा की महाराष्ट्रातल्या बहुतेक प्रॉटेस्टंट घराण्यांनी आपला पंथ सिद्धान्त तोलून निवडला नाही. पणजोबा ज्या तालुक्यात राहत त्या तालुक्यात कुठलं मिशन होतं त्यावरून तो ठरला. हीच अडचण ओळखून २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला सहा मंडळ्या एकत्र आल्या आणि सीएनआय झाली: अँग्लिकन मंडळी, काँग्रिगेशनल आणि प्रेस्बिटेरियन या दोघांची आधीच एक झालेली मंडळी, बाप्टिस्ट, ब्रदरन, डिसायपल्स आणि ब्रिटिश-ऑस्ट्रेलियन परंपरेचे मेथडिस्ट. बाप्टिस्ट आत आले, म्हणून सीएनआयमध्ये बालबाप्तिस्मा आणि मोठेपणीचा बाप्तिस्मा हे दोन्ही मार्ग मान्य आहेत. कुठला घ्यायचा हे कुटुंब ठरवतं. आत्याला हे माहीत नसण्याची शक्यता आहे.

वसईची गोष्ट वेगळी. १५३४ च्या तहानं वसई पोर्तुगीजांकडे गेली आणि फ्रान्सिस्कन व जेझुइट धर्मगुरू तिथं आले. साल लक्षात घ्या: युरोपात रोमच्या चर्चविरुद्ध मार्टिन लूथरचं बंड, म्हणजे प्रॉटेस्टंट सुधारणा, सुरू होऊन सतरा वर्षं झाली होती आणि पोर्तुगाल कट्टर कॅथलिक राहिला होता. त्यामुळे वसईला सुधारणेपूर्वीची सगळी परंपरा, संतांचे सण, मिस्सा (भाकरी-द्राक्षारसाची कॅथलिक उपासना), जपमाळ यांसह मिळाली. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी किल्ला घेतला, पोर्तुगीज गेले, तरी गावंच्या गावं कॅथलिक राहिली. दुसऱ्यानं लादलेलं ते एव्हाना सुटलं असतं. वसईकरांची श्रद्धा त्यांची स्वतःची आहे, हे आजीला समजावून सांगावं लागेल.

आजीचे दोन आरोप आहेत. आज्ञा काढून टाकली हा आरोप चुकीचा आहे आणि तो पाच मिनिटांत मिटतो. निर्गमच्या विसाव्या अध्यायात आज्ञांना क्रमांक नाहीत. ऑगस्टिनच्या मोजणीत ‘अन्य देव नकोत’ आणि ‘कोरीव मूर्ती करू नको’ मिळून पहिली आज्ञा होते, आणि शेवटच्या लोभाच्या आज्ञेचे दोन भाग करून दहाचा आकडा भरतो. कॅथलिक हीच मोजणी वापरतात, आणि लूथरन लोकही. कॅल्विनच्या परंपरेनं दुसरी मोजणी घेतली, तीच नगरला शिकवली गेली. धर्मशिक्षणाच्या छोट्या पुस्तकात पहिली आज्ञा थोडक्यात छापतात, त्यातून हा गैरसमज पसरतो. वसईकरांच्या घरातलं बायबल उघडून आजीला तो अध्याय वाचून दाखवा.

मूर्तींचा आरोप तेवढा सहज मिटणारा नाही, कारण तिथं मतभेद खरा आहे. ७८७ च्या निकेयाच्या दुसऱ्या परिषदेनं ठरवलं की आराधना केवळ देवाची. प्रतिमेला द्यायचा तो मान, आणि तो मान जिची प्रतिमा आहे त्या व्यक्तीकडे जातो. मरियामातेला आणि संतांना कॅथलिक माणूस ‘आमच्यासाठी प्रार्थना कर’ म्हणतो. सुधारक झ्विंग्लींच्या झुरिचनं १५२४ मध्ये चर्चमधल्या प्रतिमा उतरवल्या, कारण सामान्य माणसाच्या मनात मान आणि आराधना यांतली रेघ टिकत नाही असं त्यांचं मत होतं. तुमच्या मंडळीच्या साध्या भिंती त्याच विचारातून आल्या. म्हणजे ‘ते मूर्ती पुजतात’ हे कॅथलिक शिकवणीबद्दल खोटं आहे, पण ‘मध्यस्थ एकच, ख्रिस्त, मग संतांकडे कशाला?’ हा आजीचा प्रश्न म्हणून उरतोच. लग्न झाल्यावर घरात जपमाळेची प्रार्थना होईल तेव्हा तुम्ही त्यात सामील होणार की शेजारी बसून ऐकणार, हे नवऱ्याशी आजच बोलून ठेवा. दोन्ही चालतं. न बोललेलं चालत नाही.

या सगळ्याच्या मुळाशी अधिकाराचा प्रश्न आहे. ३१ ऑक्टोबर १५१७ रोजी विटेनबर्गला मार्टिन लूथर यांनी ९५ मुद्दे मांडले ते दंडमाफीच्या पत्रकांवरून. पापाची क्षमा झाल्यावरही उरणारी शिक्षा कमी करणारी ही पत्रकं रोमच्या सेंट पीटर बॅसिलिकाच्या बांधकामासाठी पैसे घेऊन दिली जात होती. माणूस कर्मांनी नीतिमान ठरत नाही, विश्वासानं ठरतो, हा लूथरचा गाभा. पण ‘पोप आणि परिषदा चुकू शकतात, अखेरचा शब्द पवित्र शास्त्राचा’ हे त्यांनी १५१९ ते १५२१ या दोन वर्षांत उघड म्हटलं आणि परतीची वाट बंद झाली. ट्रेंटच्या परिषदेनं १५४५ ते १५६३ या काळात उत्तर दिलं: शास्त्र आणि प्रेषितांपासून चालत आलेली परंपरा, दोन्हींना सारखा आदर, संस्कार सात. दंडमाफीसाठी पैसे घेणं मात्र १५६७ मध्ये पोप पायस पाचवे यांनीच बंद केलं. आणि नीतिमान ठरण्याच्या शिकवणीवर ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी ऑग्सबर्गला कॅथलिक व लूथरन मंडळ्यांनी संयुक्त घोषणेवर सही केली. मेथडिस्टांनी २००६ मध्ये आणि कॅल्विनच्या परंपरेतल्या मंडळ्यांच्या जागतिक संघटनेनं २०१७ मध्ये तिला साथ दिली. चारशे-पाचशे वर्षांपूर्वीची ठिणगी आज जवळजवळ विझली आहे. अधिकाराचा प्रश्न मात्र तसाच आहे, उलट १८७० मध्ये पोपच्या अचूकतेचा सिद्धान्त जाहीर झाल्यावर तो वाढला.

लूथरच्या आधीही फाटाफूट झालीच होती. ४५१ च्या काल्सेदोनच्या परिषदेनंतर ख्रिस्ताच्या दोन स्वभावांच्या मांडणीवरून इजिप्त, सीरिया आणि आर्मेनियाकडची मंडळी वेगळी झाली. १०५४ मध्ये रोम आणि कॉन्स्टँटिनोपल यांनी एकमेकांवर बहिष्कार घातला. तो १९६५ मध्ये मागे घेतला गेला, एकी अजून झालेली नाही. तुमच्या लग्नाशी याचा संबंध नाही, म्हणून इथंच थांबतो.

बायबलचा फरकही घरात लवकरच दिसेल. त्यांच्या बायबलमध्ये ७३ पुस्तकं, तुमच्यात ६६. तोबित, युदिथ, मक्काबींची दोन पुस्तकं वगैरे सात जुन्या करारात जास्त. प्राचीन ग्रीक भाषांतरात ती होती, यहुद्यांच्या हिब्रू संग्रहात नव्हती. लूथर यांनी ती वेगळी काढून दोन करारांच्या मध्ये छापली, काढून टाकली नाहीत. ती पुरती गायब झाली ती छपाईच्या निर्णयानं: ब्रिटिश आणि फॉरेन बायबल सोसायटीनं १८२६ मध्ये ती न छापायचं ठरवलं, आणि भारतीय भाषांतली प्रॉटेस्टंट बायबलं त्याच वळणानं निघाली. नवा करार दोघांचाही तोच, २७ पुस्तकांचा.

आता प्रभुभोजनाची भाकरी. तुम्हाला सगळ्यात जास्त दुखेल ते इथं, म्हणून आधीच सांगतो. १५२९ च्या ऑक्टोबरात मारबुर्गच्या किल्ल्यात लूथर आणि झ्विंग्ली समेटासाठी बसले. पंधरा मुद्द्यांपैकी चौदांवर एकमत झालं. पंधराव्यातल्या एका गोष्टीवर मोडलं: ‘हे माझे शरीर आहे’ या वाक्याचा अर्थ. लूथर यांनी ते शब्द लॅटिनमध्ये खडूनं मेजावर लिहिले आणि तिथून हलले नाहीत. त्यांच्या मते ख्रिस्त भाकरीत खरोखर असतो. झ्विंग्लींच्या मते भाकरी ही आठवण आणि खूण. पुढे कॅल्विन यांनी म्हटलं की विश्वासणारा आत्म्याच्या द्वारे ख्रिस्ताचं खरंच सेवन करतो, पण भाकरी भाकरीच राहते. तुमची मूळ परंपरा इथली. कॅथलिक शिकवण अशी की रूप, रंग, चव तीच राहते आणि आतलं तत्त्व ख्रिस्ताच्या शरीराचं होतं. आणि हे घडवण्याचा अधिकार प्रेषितांपासून अखंड चालत आलेल्या धर्मगुरूपदाच्या दीक्षेनं मिळतो. सीएनआयमध्ये बिशप आहेत, अँग्लिकनांकडून आलेली परंपरा आहे, पण रोमनं १८९६ मध्ये अँग्लिकन दीक्षा अवैध ठरवली आणि तो निर्णय अजून कायम आहे.

याचा व्यवहारातला अर्थ: वसईच्या मिस्सेत तुम्ही कम्युनियन, म्हणजे ती भाकरी, घेऊ शकणार नाही. मृत्यूचा धोका किंवा बिशपांनी मान्य केलेली गंभीर गरज, आणि तीही अटींसह, एवढेच अपवाद. तुमच्या प्रभुभोजनाला तुमची मंडळी नवऱ्याला कदाचित प्रेमानं बोलावेल, पण त्याचं चर्च त्याला ते घेण्याची परवानगी देत नाही. रविवारी लोक रांगेत जातील तेव्हा जागेवर बसून प्रार्थना करा; काही चर्चमध्ये छातीवर हात दुमडून पुढे गेल्यास फादर आशीर्वाद देतात, तिथली पद्धत आधी विचारा. हा अपमान म्हणून घेऊ नका. एकत्र खाणं म्हणजे एकत्र असल्याची साक्ष आणि आपण अजून एकत्र नाही, असं त्यांचं म्हणणं आहे. त्यांचं म्हणणं आम्हाला समजतं, तरी एकाच बाकावर बसलेल्या नवरा-बायकोला ते जड जातं, हेही खरं आहे.

म्हणूनच लग्नविधी पूर्ण मिस्सेसह न करता वचनवाचन, वचनबद्धता आणि आशीर्वाद एवढाच ठेवावा, अशी मिश्र विवाहासाठी कॅथलिक चर्चची सर्वसाधारण सूचना आहे. तसं मागा. अर्धी वरात भोजनाला आणि अर्धी बाकावर, असं चित्र टळतं.

प्रक्रिया अशी. अर्ज मुलाच्या धर्मग्रामाच्या प्रमुख धर्मगुरूंमार्फत बिशप हाऊसला जातो. त्याच्याकडून ताजा, सहसा सहा महिन्यांच्या आतला स्नानसंस्काराचा दाखला आणि विवाहपूर्व शिबिराचं प्रमाणपत्र. तुमच्याकडून बाप्तिस्म्याचा दाखला, जन्माचा दाखला आणि पूर्वी लग्न झालेलं नाही असं पाळकसाहेबांचं पत्र. शिबिर दोघांनी करायचं असतं. चर्चमध्ये लग्नाची जाहीर सूचनाही वाचली जाते. हातात निदान चार महिने ठेवा आणि उपवासकाळ टाळून तारीख पाहा.

लग्न नगरला तुमच्याच मंडळीत, तुमच्या पाळकांच्या हातून करायचं असेल तर तेही होतं. त्यासाठी परवानगीखेरीज विवाहविधीच्या स्वरूपातून (म्हणजे कॅथलिक विधीनंच लग्न लावण्याच्या अटीतून) सूट मागावी लागते आणि ती मुलाचे बिशप देतात. ही सूट न घेता नगरला किंवा केवळ निबंधकाच्या कचेरीत लग्न केलं तर सरकारदरबारी ते पक्कं असतं, पण कॅथलिक चर्चच्या दृष्टीनं मुलगा अविवाहितच राहतो आणि त्याचं कम्युनियन थांबतं. घडलंच तर नंतर धर्मगुरूंसमोर पुन्हा संमती देऊन ते दुरुस्त करता येतं, पण आधी केलेलं बरं. दुसरी नेहमीची चूक म्हणजे सकाळी वसईला एकदा आणि संध्याकाळी नगरला पुन्हा एकदा लग्न लावणं. दोन वेळा वचनं घेण्याला त्यांच्या कायद्यात मनाई आहे. त्याऐवजी तुमच्या पाळकसाहेबांना वसईला बोलवा. फादरांच्या निमंत्रणानं ते वचन वाचू शकतात, प्रार्थना करू शकतात, आशीर्वाद देऊ शकतात. नगरला नंतर आभाराची उपासना ठेवता येईल, वचनांशिवाय.

एका गोष्टीवर मात्र कुणी तुम्हाला गोलगोल उत्तर देऊ नये: मुलं. परवानगीसाठी तुमच्या नवऱ्याला लिहून द्यावं लागेल की तो आपला विश्वास सोडणार नाही आणि सर्व मुलांचा बाप्तिस्मा व संगोपन कॅथलिक चर्चमध्ये व्हावं म्हणून आपल्याकडून शक्य ते सगळं करेल. १९७० पूर्वी अशी हमी तुमच्याकडूनही घेतली असती. पोप पॉल सहावे यांनी त्या वर्षी ते बदललं. आता तुम्हाला सही करावी लागत नाही, त्यानं काय लिहून दिलं हे फक्त सांगितलं जातं. पण सही नाही म्हणून प्रश्न नाही असं समजू नका. तुमचं बाळ कुठल्या चर्चमध्ये नेलं जाईल, त्याला प्रार्थना कोण शिकवेल, नगरच्या मंडळीत ते उन्हाळी शाळेला येईल का, हे त्यानं सही करण्यापूर्वी तुम्ही दोघांनी, आई-वडिलांना बाजूला ठेवून, ठरवलं पाहिजे. तुम्हाला ते मान्य नसेल तर आता सांगा. मान्य असेल तर आजीला ते तुमच्या तोंडून कळू द्या, बारशाच्या दिवशी नव्हे.

लग्नासाठी कॅथलिक होण्याची सक्ती नाही. पुढे कधी स्वतःला वाटलं तर विश्वासाची जाहीर कबुली, दृढीकरण आणि कम्युनियन, एवढ्यानं ते होतं. तेव्हाही बाप्तिस्मा पुन्हा होत नाही.

धर्मगुरूंकडे पहिल्या भेटीला दोघं मिळून जा, दाखल्याच्या दोन प्रती सोबत न्या, आणि बिशप हाऊसची परवानगी हाती येईपर्यंत हॉलला आगाऊ रक्कम देऊ नका.